खांद्याला शिवण नाही

२ जानेवारी

नवीन वही. ही कुणी वाचायची नाही, फक्त माझ्यासाठी आहे. तरी अक्षर जरा नीट काढतोय, कारण मोठ्या डिझायनरांच्या अशा वह्या पुढे काचेखाली मांडून ठेवतात.

यंदाचा संकल्प: सकाळी लवकर उठून रोज एक स्केच. आज उठायला उशीर झाला, पण वर्षाच्या सुरुवातीलाच शरीराला धक्का देऊ नये.

ताईचा फोन आला होता. तिच्या बायकांच्या गायनवृंदाचे सर निवृत्त झाले. मार्चमध्ये मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि या वेळी वृंद ताई चालवणार. म्हणजे समोर उभं राहून हात हलवायचे आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघून गायचं. इतकी वर्षं ती मागच्या ओळीत गात आली, पुढे पहिल्यांदाच उभी राहणार. कपडे रेडिमेड घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. ताई म्हणाली, माझा भाऊ डिझायनर आहे, तो करेल. चष्मेवाल्या बाई म्हणून कमिटीत एक आहेत, त्यांचंच सगळं चालतं. त्या म्हणाल्या, त्याचं काम कुणी बघितलंय? ताई म्हणाली, मी बघितलंय. (तिने काय बघितलंय ते मलाही आठवत नाही.)

फोन ठेवताना म्हणाली, गाण्याची भीती नाही रे, पण संध्याकाळभर सगळा हॉल माझी पाठ बघणार, त्याचंच दडपण आलंय. मी म्हटलं, ताठ उभी राहा.

९ जानेवारी

मूडबोर्ड केला. चिंध्या, फोटो, रंगांच्या पट्ट्या, सगळं स्टुडिओच्या भिंतीवर चिकटवलं. स्टुडिओ म्हणजे आमचं जेवणाचं टेबल आणि त्यामागची भिंत. बायको म्हणाली, काढताना भिंतीचा रंग निघेल. निघाला. पण टेक्स्चर सुंदर आलंय, फोटो काढून ठेवलाय, कुठल्यातरी कापडाला वापरता येईल.

स्केच झालं नाही. मूडबोर्डच्या आठवड्यात स्केच करायचं नसतं.

१७ जानेवारी

सापडला! आंघोळ करताना कन्सेप्ट सापडला. डोक्याला साबण तसाच ठेवून बाहेर आलो.

खांद्याला शिवणच नाही. एकच लांब कापड. पुढच्या घेरापासून सुरू होतं, वर खांद्यावर जातं आणि तसंच मागे खाली घेरापर्यंत उतरतं. मध्ये गळ्यापुरतं भोक, दोन्ही बाजूंना शिवण, झाला काफ्तान. कापड कुठे तुटत नाही, जसा सूर तुटत नाही. कन्सेप्टचं नाव "अखंड".

आणि त्यावर प्रिंट माझं स्वतःचं: वर उडणारे पक्षी. सगळे एकाच दिशेने, माना वर करून, निळ्यावर पांढरे. गाणं वर जातंय असं वाटलं पाहिजे.

बायकोला सगळं हातवारे करून समजावलं. ती म्हणाली, म्हणजे उशीचा अभ्रा. ती अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

२८ जानेवारी

आठवडाभर चोच. चोच जमली की पक्षी जमतो. ताईचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत, चोच चालू होती. मेसेज टाकला की प्रोसेस चालू आहे. तिने लिहिलं, सावकाश कर, आमची प्रॅक्टिसही रडतखडतच चाललीय. तिला काय माहीत, माझं रडतखडत नाही.

संध्याकाळी चोच पुसून टाकली. पहिलीच बरी होती.

६ फेब्रुवारी, दुपारी

कापडावर छापून देणाऱ्याकडे फाइल दिली. त्याने विचारलं, पक्ष्यांची तोंडं सगळ्या कापडभर एकाच बाजूला ठेवायची ना? मी म्हटलं, अहो, पक्षी वर उडतायत, अर्थात एकाच बाजूला. या लोकांना डिझाइनमधलं किती समजावून सांगावं लागतं.

१४ फेब्रुवारी

कापड आलं. देखणं आलंय, यात शंकाच नाही. टेबलावर पसरून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. चोच कुठे दिसत नाही एवढी लहान आलीय, पण मला माहीत आहे ती तिथे आहे.

मास्टरकडे टाकलं. मास्टर म्हणजे आमचा शिंपी, एका वेळी एवढी गिऱ्हाइकं घेतो की कुणाचंच वेळेवर देत नाही. त्याला कन्सेप्ट सांगितला. तो म्हणाला, खांद्याला शिवण नाही का, बरं झालं, तेवढंच काम कमी.

आता व्हिजिटिंग कार्ड बदलायला हवं. "डिझायनर" फार सर्वसाधारण वाटतं. "वस्त्रचिंतक" कसं वाटेल?

२४ फेब्रुवारी

प्रॅक्टिसच्या खोलीत ट्रायल. सगळ्या बायका काफ्तान घालून ओळीने उभ्या राहिल्या. निळ्या कापडावर पक्षी नुसते वर वर चाललेत. चष्मेवाल्या बाईसुद्धा म्हणाल्या की बरं दिसतंय. त्यांच्या तोंडून "बरं" म्हणजे कळसच.

मी समोरून फोटो काढत होतो. ताई खोलीतल्या लांब आरशापुढे उभी होती, मान वळवून मागे बघत होती. म्हणाली, हे मागून असंच आहे ना? मी फोनमधून नजर न काढता म्हटलं, असंच आहे ताई, माझ्यावर विश्वास ठेव. ती म्हणाली, ठेवलाय.

बाहेर पडताना तिने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात फिरवला. या वयात बरं दिसत नाही ते, पण मी तो हात बाजूला केला नाही.

२६ फेब्रुवारी, सकाळी

सँपल म्हणून शिवलेला काफ्तान घरीच राहिलाय. इस्त्री करून दाराच्या हुकला लावला. चहा घेऊन समोर बसलो तर पक्षी खाली डोकं करून पडतायत.

आधी वाटलं, मी उलटा टांगलाय. सुलटा केला. गळा खाली गेला.

मग लक्षात आलं की माझ्याकडे मागची बाजू आहे. कापडावर बोट ठेवून पुढच्या घेरापासून निघालो. पक्षी वर, वर, खांद्यावर. खांदा ओलांडला. बोट मागे उतरायला लागलं, आणि पक्षीही बोटाबरोबर तोंड पुढे करून खाली उतरायला लागले. पार घेरापर्यंत, खाली डोकं वर पाय. कापड एकच, दिशा एकच. पुढे चढतात ते मागे पडणारच. खांद्यावर कापून मागचा तुकडा फिरवून जोडला असता की संपलं असतं. म्हणजे एक शिवण. जगातले सगळे कपडे शिवणारे जी शिवण घालतात ती.

चहा गार झाला.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. वृंद लोकांकडे तोंड करून उभा राहतो. मागे पडदा असतो. पडद्याला काय दिसतंय याच्याशी आपल्याला काय करायचंय? उगाच जिवाला घोर लावून घेतला. जेवण व्यवस्थित गेलं.

२७ फेब्रुवारी

ताई.

ताई लोकांकडे पाठ करून उभी राहते.

२८ फेब्रुवारी

उपाय सोपा आहे. फक्त ताईचा एक काफ्तान परत आणायचा, खांद्यावर कापायचा, मागचा भाग फिरवायचा, शिवायचा. मास्टरचं दुपारचं काम. घेर थोडा वर जाईल, ताईची उंची बेताचीच आहे, चालेल.

अडचण एवढीच की काफ्तान मागताना कारण सांगावं लागेल. कारण तयार करतोय. फिनिशिंग? "फायनल फिनिशिंगसाठी हवाय." उत्तम. यात खोटं काहीच नाही.

१ मार्च

ताईकडे जाऊन आलो. तिने सगळ्यांचे काफ्तान स्वतः इस्त्री करून खोलीभर दोरीवर लावले होते. तिचा शेवटी, भिंतीकडे पाठ करून. मला बघून म्हणाली, तोंड का असं उतरलंय तुझं? म्हटलं, प्रवासामुळे. (ती दोन स्टॉपवर राहते.)

तिने चहा केला, समोर बसली. म्हणाली, काही सांगायचंय का? म्हटलं, इस्त्री फार गरम ठेवू नकोस. म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने परत, अजून काही? म्हटलं, नाही गं.

खुर्चीवर एक साधी पांढरी शाल घडी करून ठेवलेली होती. ती उचलून म्हणाली, हॉलमध्ये एसी फार असतो म्हणतात, ही घेऊ का वरून? तुला काय वाटतं? आणि मी, मी म्हटलं, छे, डिझाइन झाकलं जाईल.

तोंडातून निघून गेलं. परत घेता आलं नाही. ताईने शाल कपाटात ठेवली.

फिनिशिंगचं राहूनच गेलं.

४ मार्च

मेसेज लिहिला: "ताई, तुझ्या काफ्तानबद्दल थोडं बोलायचं होतं." पुसला. "ताई, एक गंमत झालीय." पुसला. शेवटी "ऑल द बेस्ट" पाठवला. कार्यक्रमाला अजून वेळ आहे, त्यामुळे तिला जरा विचित्र वाटलं असेल.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ता फोन लाव. मी तिला समजावलं की कलाकाराचा आत्मविश्वास ही फार नाजूक गोष्ट असते. आता सांगितलं तर ताई स्टेजवर कोसळेल. न सांगणं हेच खरं प्रेम आहे. बायकोने माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला आणि आत गेली. तिला पटलं असावं.

७ मार्च

नवा विचार: पक्षी पडत नाहीयेत, परततायत. पुढे जाणं, मागे परतणं. "अखंड" ला याने केवढी खोली येते! खरं तर माझ्या मनात हे आधीपासून असणार. संकल्प: कार्यक्रमाआधी ताईला हे समजावून सांगायचं.

९ मार्च

समजावून सांगायला गेलो नाही. सर्दी झाल्यासारखं वाटत होतं.

११ मार्च, सकाळी

काल कार्यक्रम झाला. लिहायचं नव्हतं, पण बायको कामावर गेलीय आणि घरात दुसरं कुणी नाही.

आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. पडदा वर गेला, बायका ओळीने उभ्या, सगळे पक्षी वर उडतायत, टाळ्या पडल्या. क्षणभर मला वाटलं, निभावलं. मग विंगेतून ताई आली, लोकांना नमस्कार केला आणि वळली.

हॉलमधले दिवे मालवले होते. तिच्यावर एक मोठा दिवा होता. त्या उजेडात तिच्या मानेपासून पायापर्यंत पांढरे पक्षी डोकं खाली करून कोसळत होते. समोर बायकांच्या अंगावरचे वर आणि मधोमध ताईच्या पाठीवरचे खाली. तिने हात उचलले की पडणाऱ्या पक्ष्यांची रांग ताणली जायची. मागे कुणीतरी खुसखुसलं, मग कुणीतरी कुणालातरी गप्प केलं.

गाणं सुंदर झालं, हेही लिहून ठेवतो. ताईचा हात एकदाही डगमगला नाही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मध्येच माझ्याकडे कलले आणि म्हणाले, बायका गातात छान, पण त्या पुढच्या बिचारीला हे कपडे कुणी शिवून दिले हो?

मी म्हटलं, कोण जाणे.

बायको माझ्या दुसऱ्या बाजूला होती. तिने ऐकलं. तिने मान वळवली नाही, फक्त खुर्चीच्या हातावरचा तिचा हात काढून मांडीवर ठेवला.

शेवटी टाळ्या चालू असताना ताईने माइक घेतला. दमली होती, हसत होती. पेटीवाल्याचे, तबलेवाल्याचे आभार मानले. मग म्हणाली, आणि हे आमचे कपडे माझ्या धाकट्या भावाने केलेत, कापडावरच्या पक्ष्यांपासून सगळं त्याचं आहे. तो इथेच बसलाय. उभा राहा रे, लोकांना दिसू दे.

मी खाली वाकलो. बुटाची नाडी बांधायला.

मी चपला घालून गेलो होतो.

खाली जमीन बघत राहिलो. वर ताई डोळ्यांवर हात धरून रांगा धुंडाळत असणार, कारण माइकमधून आवाज आला, कुठे गेला? मग जरा थांबून म्हणाली, लाजाळू आहे तो, बाहेर गेला असेल. लोक हसले, प्रेमाने हसले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पाय जरा बाजूला घेतले, मला नाडी बांधायला जागा व्हावी म्हणून. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी येताना बायको सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होती.

१२ मार्च

ताईचा फोन. पहिल्यांदा वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला.

म्हणाली, फोटो आलेत, छान आलेत. मी म्हटलं, ताई, मागच्या बाजूला प्रिंटवाल्याने जरा घोळ केलाय, मला परवा हॉलमध्येच कळलं. ती म्हणाली, मला ट्रायललाच दिसलं होतं, आरशात. तू असंच आहे म्हणालास, मला वाटलं, असेल तुझी काही कल्पना. मग तू घरी आलास तोंड पाडून, तेव्हा कळलं की चूक आहे. किती वेळा विचारलं तुला. शालही काढून दाखवली.

म्हटलं, मग घ्यायचीस ना शाल, मी काहीही म्हटलं तरी. म्हणाली, घेतली असती तर तुला कळलं असतं की मला कळलंय. तू डिझाइनबद्दल इतकं जीव तोडून बोलतोस. म्हणून मीच मनाला समजावलं, जाऊ दे, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे.

फोन ठेवायच्या आधी मी कसंबसं म्हटलं, ताई, मी हॉलमध्येच होतो, बाहेर नव्हतो गेलो.

हो, ती म्हणाली. तिसऱ्या रांगेत. दिसली मला तुझी पाठ.