सहा किलो कमी

नाशिक
५ नोव्हेंबर २००८

प्रिय दादा,

भाऊबीजेची साडी कुरिअरने पोचली. रंग छान आहे, पण मी अजून घडी मोडलेली नाही. मला तुझा इतका राग आलाय की ती नेसले तर अंगाला टोचेल. पुण्याच्या कंपनीने सुट्टी दिली नाही म्हणे. बरं झालं आला नाहीस! ओवाळायच्या पाटावरच भांडण जुंपलं असतं आणि आईचा सण वाया गेला असता. आता हे पत्र बसून वाच, उभ्या उभ्या नको.

सात वर्षांपूर्वीची ती निवड चाचणी तू विसरला असशील. मी विसरलेली नाही. आपल्या व्यायामशाळेत मुलींचं बॉक्सिंग नुकतंच सुरू झालं होतं आणि तू पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होतास. ठोसा मोजायचं यंत्र तू स्वतः बनवलंस: भिंतीला पोलादी पाटा, त्यावर गादी, मागे वजनकाट्यातला सेन्सर, आणि पुढे दोन बारीक दिवे. ठोसा दिव्यांमधून गेला की वेग कळायचा, गादीवर बसला की जोर किलोत दिसायचा. खरं सांगते, तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. माझ्या भावाने केलंय, माझ्या भावाने केलंय, असं हॉस्टेलभर सांगत फिरले होते मी.

निवड समितीच्या साहेबांना तर ते यंत्र फारच आवडलं. वशिला नको, नजरेचा अंदाज नको, सगळं शास्त्रशुद्ध. शिबिराला जायचं तर दोनशे किलोचा ठोसा हवा, असं त्यांनी ठरवून टाकलं. माझा वेग सगळ्या मुलींत जास्त होता, सेकंदाला नऊ मीटर. जोर मात्र एकशे चौऱ्याण्णव. वीस ठोसे मारले रे मी, मनगट सुजेपर्यंत, पण त्याच्या वर आकडा काही गेला नाही. आमचे बॉक्सिंगचे सर बिचारे म्हणत होते की पोरीचा हात बघून तरी दोनशेच्या वरचा वाटतो, यंत्र एकदा तपासून घेऊ. आणि तू? तू म्हणालास, यंत्र खोटं बोलत नाही, आणि सख्ख्या बहिणीला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील. केलीस यंत्राचं माप बरोबर असल्याच्या कागदावर सही. लोकांच्या तोंडाची काळजी तुला, माझ्या हाताची नाही!

वर मला शहाणपण शिकवलंस की माझ्या ठोशामागे अंगाचं वजन येत नाही. मी मूर्ख, ते खरं मानलं. वर्षभर उभं राहायची पद्धत बदलली, खांदा पुढे टाकून टाकून मारलं. चांगला येणारा ठोसा गेला आणि खांदा कायमचा दुखरा झाला. शिबिर तर गेलंच होतं. घरात सगळे म्हणाले, जाऊ दे, नशीब. मीही नशीब म्हणूनच सोडून दिलं होतं बघ, परवाच्या भाऊबीजेपर्यंत.

देवळ्याला आपल्या शेतावर आबांनी नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतलाय. लाल कांदा निघालाय, केरूमामा गोण्या भरत होते, मी आपली गंमत म्हणून आकडे वाचत होते. पन्नासच्या गोणीवर साडेबावन्न. दुसरीवर साडेबावन्न. मला वाटलं काटा बिघडला. आबा हसले. ताजा कांदा वाळून घटतो, म्हणून गोणीमागे अडीच किलो जास्तीचा भरायचा, म्हणजे व्यापाऱ्यापुढे मान खाली जात नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत आहे. त्यामा काय इचारनं शे, त्यात विचारायचं काय, असं म्हणून ते पुढची गोणी शिवायला लागले. मी तिथेच ढेकळात बसले.

कारण तुझ्या यंत्राचं माप तू कशाने लावलं होतंस, ते मला आठवलं. आबांनी त्याच सकाळी देवळ्याहून पाठवलेल्या चार गोण्यांनी. मीच तर त्या उचलू लागले होते. पाटा जमिनीवर आडवा टाकून, चार गोण्या म्हणजे दोनशे, असं धरून तू काटा दोनशेवर लावलास, आणि पाट्यावर होते दोनशे दहा. त्या हिशेबाने माझा ठोसा दोनशे तीन किलोच्या वर जातो. इंजिनियर ना रे तू? माझे वीस ठोसे मोजलेस, आणि गोणीत किती भरलंय हे आबांना एका शब्दाने विचारलं नाहीस. शेतकऱ्याचं पोरगं असून! आबांना मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगायचं नाहीस. या वयात त्यांना हे ऐकवणार नाही मी.

एवढं सगळं माझ्या जुन्या दुखण्यासाठी लिहीत बसले नसते. सध्या मी संध्याकाळी व्यायामशाळेत मुलींना शिकवते. त्यात एक जहिदा आहे, येवल्याच्या विणकरांची, सतरा वर्षांची, हात असा की बघत राहावं. या रविवारी तिची चाचणी आहे, त्याच यंत्रावर, त्याच दोनशेच्या अटीवर, आणि सरावात तिचा आकडा एकशे शहाण्णव येतोय. काल तिने मला विचारलं की, ताई, माझ्या ठोशामागे वजन येत नाही का? मी साहेबांना गोण्यांचं सांगून पाहिलं, ते हसले. यंत्रावर अजून तुझ्या सहीचा कागद डकवलेला आहे, आणि ज्याने सही केली त्याने खोडल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. म्हणून शनिवारी ये. सुट्टी मिळत नसेल तर न सांगता ये. सोबत छाप मारलेली लोखंडी वजनं आण, कांदे नकोत. सगळ्यांसमोर माप नव्याने लाव आणि त्या कागदावर तुझ्या हाताने लिही की चूक माझी होती. नाही आलास तर रविवारी जहिदाच्या आधी पहिला ठोसा मी मारणार आहे, दुखऱ्या खांद्याने, जुन्या पद्धतीने. यंत्र शिल्लक राहिलं तर आकडा कळवीन.

ओवाळायला ताट तयार ठेवलेली, पण अजून रागातच असलेली,
तुझीच
सुवर्णा