चाकांवरची मशिनं

भिंगरी, आजीचा आशीर्वाद.

तू शहरात गेलीस आणि मागोमाग इथे हातमोज्यांचा कारखाना आला. आता त्यांना माणसं मिळेनात. कामगारांना न्यायला बस येते, तिच्यात ड्रायव्हर आणि चार म्हाताऱ्या. परवा मॅनेजर दारात उभा. "आजी, घरात कोणी तरुण?"

म्हटलं, "आहे की, भिंतीवर."

तुझा फोटो बघून बिचाऱ्याने हात जोडले. मी म्हटलं, "अरे, जिवंत आहे नात! शहरात सदरे शिवते."

"मग बोलवा ना तिला. आली की लगेच मशीनवर बसवतो."

तेव्हापासून मला चैन नाही. तुझी गादी उन्हात टाकते, पुन्हा आत घेते. तू यावीस, दुसरं काही मागणं नाही. पण आधी बघावं म्हणून मीच तिथे धागे कापायला लागले. अगं, मशिनं जमिनीत पक्की बसवलेलीच नाहीत, सगळी चाकांवर! मॅनेजर म्हणतो, "सोयीचं पडतं." कुणाच्या सोयीचं, ते गिळलं मेल्याने. तुझ्या आजोबांच्या गिरणीची यंत्रं हातभर खोल पुरलेली होती, तरी मालकाने उपटून नेली. तू शहरातलं काम सोडून यायचीस आणि हे चाकं फिरवून निघून जायचे. मग तेलही गेलं, तूपही गेलं.

म्हणून हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. तुझ्यासाठी राखलेलं मशीन मी रोज आत शिरताना पायाने ढकलून बघते. आजही हललं. ज्या दिवशी हलणार नाही, त्या दिवशी पाकिटाला तिकीट लावीन.

तुझी,
अंगठा ठेचलेली आजी