साडेतीन व्होल्टला काटा हलला

१० एप्रिल १९७८, सोमवार

मेला! पहिला मॉसफेट, हा नव्या जातीचा ट्रान्झिस्टर, माझ्याच हातात मेला. सोलापूरचं कोरडं ऊन, त्यात अंगावर नायलॉनची साडी — बोटातून ठिणगी उडाली नि त्याच्या गेटखालचा, म्हणजे वरच्या धातूच्या पट्टीखालचा, पातळ थर जळाला. उरला एकच.

आमचे विभागप्रमुख ईरप्पा सर म्हणाले, "शनिवारी प्राचार्यांसमोर चालवून दाखवा, बाई. नाहीतर पुढच्या वर्षी हंगामी जागासुद्धा नाही." आणि रविवारी वेळापूरचं स्थळ येतंय. त्यांना नोकरीवाली सून नको. आप्पा म्हणतात, "नोकरीचं काय घिऊन बसलीस, माये? हंगामीच हाय की."

१२ एप्रिल

सुती साडी नेसले. आप्पांच्या गिरणीत सूत कोरडं पडू नये म्हणून हवेत पाणी फवारतात, तशी मी प्रयोगशाळेची फरशीच भिजवली, म्हणजे ठिणगी उडायला नको. शिपाई नावं ठेवून गेला. ठेवू दे!

गेटला एक व्होल्ट. करंट मोजायच्या मीटरचा काटा ढिम्म. दीड. काही नाही. हाही गेला वाटतं. रडू आलं, खरंच आलं.

१३ एप्रिल

मूर्ख मी! साध्या ट्रान्झिस्टरची सवय — तो पाऊण व्होल्टला चालतो. याचं तसं नाहीच. गेटमधून करंट आत जातच नाही, गेट नुसतं वरून इलेक्ट्रॉन ओढतं. ते खाली जमत राहतात. चार माणसं आली म्हणून कोणी पंगत वाढत नाही, पुरेशी जमली की पाट मांडतात. तसंच! पुरेसे जमले की सोर्स या एका टोकापासून ड्रेन या दुसऱ्या टोकापर्यंत वाट होते, मग करंट. म्हणजे काल तो मेलेला नव्हता, मीच घाई केली.

दोन. अडीच. तीन. साडेतीनला काटा हलला!! चारला सरकला, पाचला धावला. एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

१५ एप्रिल, शनिवार

जिंकले! प्राचार्यांनी स्वतः व्होल्टेज वाढवून पाहिलं. "गेटमध्ये खरंच करंट जात नाही?" मीटर लावून शून्य दाखवलं. ईरप्पा सर चक्क हसले. पुढच्या वर्षीची जागा पक्की!

आप्पा गिरणीची पाळी सुटल्यावर मला न्यायला आले होते. प्राचार्यांनी त्यांनाही आत बोलावलं. आप्पा काट्याकडे बघत राहिले. "आदी कायच न्हाय, मग येकदम?" "व्हय, आप्पा," मी म्हणाले. वेळापूरकर उद्या येणारच.

१६ एप्रिल

चहा घेऊन बाहेर गेले. मुलाचा बाप विचारत होता, "पोरगी नोकरी सोडंल न्हवं?" मी तोंड उघडणार, तोच आप्पा म्हणाले — "न्हाय सोडायची. तिला तितं लई काम हाय."