हात कोणी लावला?

दि. ४ मार्च

मी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, लेथ कारखान्यातील निवृत्त फोरमन, सत्य तेच लिहितो की पत्नीच्या टॅबचा आवाज काल सकाळपासून बंद आहे. अर्धांगवायूने तिची वाचा गेली. ती डाव्या हाताने अक्षरे दाबते आणि टॅब ते वाक्य मोठ्याने बोलतो. आता अक्षरे उमटतात, आवाज नाही. मी बाहेरच्या खोलीत असताना तिला काही झाले, तर मला कळणार नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, त्या ॲपचा मंच आहे. तिथं विचारा, जाणकार टपूनच बसलेले असतात."

दि. ५ मार्च

मंचावर रीतसर अर्ज लिहिला. आरंभी माननीय सभासदांस सादर प्रणाम, शेवटी लोभ असावा. तासाभरात कोणीतरी प्रणाम, माझे वय, पत्नीचा आजार आणि लोभ, सर्व खोडले. उरली एक ओळ — ॲपचा आवाज येत नाही. खाली शेरे:

"हे शंभरदा विचारून झालंय. शोधा."

"आजोबा, सोबत लग्नपत्रिका जोडायची राहिली का?"

प्रश्नाला कुलूप, म्हणजे त्याखाली उत्तर लिहिणे बंद. तिला वाचून दाखवले. ओठाच्या एका कोपऱ्यातून हसली. मला हसू आले नाही.

दि. ६ मार्च

माझे टेबल व खुर्ची तिच्या पलंगाजवळ हलवली. पडद्यावरचे वाचण्यास जवळ बसावेच लागते.

दि. ८ मार्च

पुन्हा विचारले. आवृत्तीचा क्रमांक, काय केले, काय घडले. प्रणाम वगळला. 'काटकोन' या टोपणनावाचा सभासद, सर्वांत तुसडा, लिहितो — "आवाज आपोआप बंद होत नाही. ते बटण सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत आहे. हात कोणी लावला?"

मी कळविले की या घरात दोनच माणसे आहेत आणि दोघेही खोटे बोलत नाहीत.

"खोटं कोण म्हणतंय? विचारलंत का घरात?"

कारखान्यात नवा कामगार यंत्र अडल्याचे सांगत आला की माझाही पहिला प्रश्न हाच असे — हात कोणी लावला? तीस वर्षे तो मी दुसऱ्यांना विचारला. ऐकून घेण्याची पाळी प्रथमच आली.

दि. ९ मार्च

विचारले नाही.

दि. १० मार्च

दुपारी विचारले. ती एकेक अक्षर दाबत गेली, मी वाचत गेलो. "मीच. टॅब बोलला की तुम्ही बाहेरूनच हो म्हणायचात."

मंचावर कळविले — बिघाड नाही. हात घरातलाच. खाली आभार लिहिले; ते खोडले गेले.

टेबल आतच राहील.

वरील मजकूर तिला वाचून दाखविला. बरोबर असल्याचे तिने मान हलवून सांगितले. समक्ष हजर — मी व पत्नी.