धावपट्टीवर सात बायका होत्या

अहो,

वीस वर्षं याच एका शब्दाने हाक मारली, आज पत्रात तरी दुसरा कुठून आणू?

परवा विमानतळाच्या टॉवरमधल्या तुमच्या लोकांनी शोकसभा ठेवली होती. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. समोर ओळीने बसलेले तुमचे सहकारी पाहिले. नमस्कार केला आणि बसले. तिथे राहून गेलं ते इथे लिहिते आहे.

लग्न होऊन पुण्याहून बेंगळूरला आले तेव्हा तुमचं काम काय, हे मला धड सांगता यायचं नाही. "विमानांना सांगतो, केव्हा उतरायचं," एवढंच तुम्ही म्हणायचात. जयनगरच्या बाजारातून कोथिंबीर आणायला हमखास विसरणारा माणूस! हा विमानांना काय सांगत असेल, असं वाटून मला हसू यायचं. आणि ड्यूटीवरून आलात की व्हरांड्यात तासभर गप्प बसायचात, त्याचा राग यायचा. किती बोलले हो मी तुम्हाला त्यावरून!

मग तो दिवस आला. आपली नलू आठ वर्षांची होती. तुमच्या जोडीदाराला ताप आला होता, म्हणून तुम्ही पहाटेपासून एकटेच होतात. दुपारचे दोन वाजून गेले तरी जेवायला सुटका नाही, असा निरोप आला. मी डबा घेऊन निघाले. पहारेकरी ओळखीचा, त्याने वर सोडलं.

तुम्ही मला पाहिलंच नाहीत. कानावर हेडफोन, एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात टेलिफोन. शेजारच्या विमान कारखान्याचं चाचणीचं विमान घाईने उतरायचं म्हणत होतं, त्याचं इंधन संपत आलं होतं. शिकाऊ वैमानिकाचं एक छोटं विमान घिरट्या घालत होतं. आणि मद्रासहून आलेलं प्रवासी विमान समोर उतरत होतं. तुम्ही एकाशी बोलत होतात, दुसऱ्याचं लिहून घेत होतात. एका डोक्यात इतकं मावतं? मी भिंतीला टेकून श्वास धरून उभी राहिले.

तेवढ्यात तुम्ही मान वर केलीत.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला रंगीत लुगडी दिसत होती. गवत कापणाऱ्या सात बायका, डोक्यावर भारे, सावकाश पट्टी ओलांडत होत्या. मद्रासचं विमान जमिनीला टेकायच्या बेतात होतं.

मी किंचाळले असते. तुम्ही मात्र घरी पाणी मागायचात तशा आवाजात वैमानिकाला म्हणालात, "उतरू नका. वर घ्या." ते विमान गरजत त्यांच्या डोक्यांवरून गेलं! भारे उधळले, बायका मटकन खाली बसल्या. जीप पाठवून तुम्ही त्यांना बाजूला केलंत. मग त्याच आवाजात तिन्ही विमानं एकामागून एक उतरवलीत. शेवटचं थांबल्यावर मी तुम्हाला दिसले. मग कुठे तुम्ही डबा हातात घेतलात. तुमच्या कामाचं वजन मला त्या दिवशी कळलं. देवळात गाभाऱ्यासमोरही मी तशी उभी राहिले नव्हते.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

संध्याकाळी तुमचे वरिष्ठ घरी आले. "बायका न विचारता शिरल्या असं अहवालात लिहा. प्रकरण मिटेल," म्हणाले. ते गेले आणि तुम्ही कागद पुढे ओढलात.

"लिहा ना तसं," मी म्हणाले. "त्या कुठे वाचायला येणार आहेत?"

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "त्यांच्या मुकादमाने पट्टी ओलांडू का, असं फोनवर विचारलं होतं, कुसुम. आकाश मोकळं होतं. मी 'सरी', जाऊ दे त्यांना, म्हणालो. मग विमानं आली आणि मी विसरलो."

"कुणाला खरचटलंसुद्धा नाही, मग कशाला?"

"म्हणूनच आज लिहितोय. उद्या तिथे दुसरा कुणी एकटा बसेल."

तुम्ही लिहिलंत, परवानगी माझी होती, विसरलो मी. त्याखाली लिहिलंत, तीन विमानं, टेलिफोन आणि धावपट्टी एका माणसाला सांभाळता येत नाही.

सहा महिने तुम्हाला टॉवरमधून काढून कचेरीत बसवलं. बढती तुमच्या हाताखालच्याला मिळाली. मी दोन महिने तुमच्याशी नीट बोलले नाही. माफ केलंत ना?

पण त्याच सहा महिन्यांत प्रत्येक पाळीला दोन माणसं असणं सक्तीचं झालं. धावपट्टीवर कुणी असलं की ते बाहेर येईपर्यंत टेबलावर लाल ठोकळा ठेवायचा, असा नियम झाला. त्या सातही बायकांचं काम टिकलं. परवा त्यांच्यातली यल्लम्मा शोकसभेत मागे उभी होती. "अळबेडी अक्का, रडू नका," म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. तुम्ही कुठला कागद लिहिला होता, हे तिला आजही ठाऊक नाही.

आणि नलूलाही नाही. वडिलांची बढती का गेली असं तिने विचारलं, तेव्हा मी सांगितलं होतं, वरिष्ठांनी डूख धरला. तुम्ही ऐकलंत आणि माझी लाज राखायला गप्प राहिलात. ती अजून तेच खरं मानते.

रविवारी ती म्हैसूरहून येते आहे. मी तिला समोर बसवून सगळं सांगेन. तुमच्या हातून काय चुकलं ते, आणि तुम्ही काय लिहिलंत ते. आणि मी तुम्हाला काय लिहायला सांगत होते, तेही.

तुमची,
कुसुम