दाराबाहेरचे बूट

प्रिय प्रज्ञा,

माझी सून नबिला सुट्टीवर येतेय, तिच्या बॅगेतून हे पत्र पाठवतेय. फोनवर मी बोलायची नाही, इथं कोण ऐकतं कुणाला ठाऊक. रडत बसू नकोस, आधी वाच. मी चौथी पास, अक्षर कसंही येईल.

तुझा बाबा काम सोडून पळाला, असं कंपनीने तुला कळवलं म्हणे. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. अगं, इथं दुबईशेजारच्या अजमानला बारा वर्षं आमची दारं समोरासमोर. माझ्या ईदच्या बिर्याणीची देग उचलायला तुझा बाबा शैलेंद्र, त्याच्या नाताळच्या करंज्या तळायला मी. दर रविवारी त्याच्या हॉलमध्ये वीसेक माणसं प्रार्थनेला यायची. मोठ्या चर्चमध्ये यांच्या मराठी प्रार्थनेला वेळ मिळेना. परवानगीचा अर्ज दिला, त्याला उत्तर नाही. म्हणून घरात. गाणी इतकी हळू म्हणायचे की मीच एकदा जाऊन ओरडले, जरा मोठ्याने म्हणा, मय्यत आहे काय!

त्या रविवारी मी दारात लसूण सोलत बसलेली. साध्या कपड्यातले चौघे आले. बाकीच्यांची कार्डं बघून सोडलं, शैलेंद्रला नेलं. कोण तुम्ही, विचारलं तर म्हणे, अम्मा, अंदर जाओ. का जाऊ? उभी राहिले. चार दिवसांनी पोलिसांत चौकशीला गेले, तर काउंटरवरचा म्हणतो, कम्प्युटरमध्ये असं नावच नाही. मग विचारू कुठं? ते सांगता येत नाही म्हणे. माणूसपण गुपित, ऑफिसपण गुपित! पाच वेळा नमाज पढणारी बाई मी. त्याच्या प्रार्थनेने माझं कधी काही बिघडलं नाही, यांचं काय बिघडलं?

फहद म्हणतो, मम्मी, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड, व्हिसा जाईल. जाऊ दे. रत्नागिरीत घर आहे मला. खलास.

तुझ्या वकिलाला डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा माणूस पाहिजे ना? त्या वीसजणांतलं कुणी सही देईना. त्यांना पोरंबाळं आहेत, शिव्या देऊ नकोस. हेच पत्र वकिलाला दे. चौदा तारीख, रविवार, सकाळी सव्वाअकरा. प्रार्थनेला काढलेले त्याचे बूट अजून दाराबाहेर आहेत. काळे, डाव्याची लेस तुटलेली. पळणारा माणूस बूट घालून पळतो. त्याला अनवाणी नेलं, मी बघितलं. बूट मी हलवलेले नाहीत. पासपोर्टची झेरॉक्स जोडलीय, आणि खाली सही पूर्ण नावाने करतेय.

तुझीच, समोरच्या दाराची चाची,
खतीजा इब्राहिम मुकादम