बोटीवरची बस आणि समोरची भिंत

ती. ताईस,

धाकट्याचा मान खाली घालून नमस्कार. (एरवी मान आदराने खाली जाते. या खेपेला कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे आणि मी तोंड लपवून आहे. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू मध्येच ‘म्हणजे तूच तो?’ असं ओरडशील आणि मी आवाज येत नसल्याचं सोंग करीन, म्हणून कागदावर उतरवतोय.

तुला ठाऊकच आहे, मी निवृत्त झाल्यावर चिरंजीवांनी कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ लावून दिला. (जन्मभर पगार घेऊन बस चालवली, आता पदरमोड करून चालवतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.) गळ्यात टॉवेल टाकून खुर्चीत बसलो की मी बसलो. तुझ्या भावजयीने भाजी काय आणू विचारलं तरी ‘चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये’ एवढंच उत्तर मिळतं. ती म्हणते, नोकरी होती तेव्हा निदान डेपोत गाडी लावून घरी तरी यायचात.

तर या खेळाला अधूनमधून पुरवण्या निघतात. पोरं त्यांना डीएलसी म्हणतात. मूळ खेळ घेतलेला असतोच, वर हा छोटा तुकडा वेगळे पैसे मोजून उतरवून घ्यायचा. (शाळेत पुरवणी फुकट मिळायची, आणि मी ती बहुधा कोरीच परत द्यायचो.) या वेळच्या पुरवणीत बस फेरीबोटीवर चढवून नदीपलीकडे न्यायची होती. माझ्या जुन्या रूटवर होती अगदी तशी बोट, म्हणून मी उत्साहाने घेतली. फळीवरून गाडी अलगद आत नेली, ब्रेक ओढला आणि बसलो. समोर बोटीची लोखंडी भिंत. तिच्यावर गंजाचा एक डाग होता, तो मला पाठ झाला. शेवटी भोंगा वाजला, गाडी बाहेर काढली, आणि पडद्यावर अक्षरं आली की पुरवणी संपली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळाच्या पानावर लोक अभिप्राय लिहितात, तिथे मी ‘हँडब्रेक’ या टोपणनावाने लिहिलं, ‘बस बोटीत चढते. समोर भिंत. मग बस उतरते. एवढ्या पैशात आमचा गवंडी खरी भिंत बांधून देतो.’ खाली आणखी एक शहाणपण जोडलं, की तिकीट अंतरावर असतं, तसे खेळाचे पैसे तो किती वेळ चालतो त्यावर असावेत.

ताई, हजारो लोकांनी त्याला अंगठे दिले! लोक आपापल्या बोलण्यात माझी भिंत वापरायला लागले. मला डेपोत कधी आदर्श चालकाचा बिल्लासुद्धा मिळाला नाही, तेव्हा मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो यात नवल नाही. न्हाव्याला दाखवलं, दूधवाल्याला वाचून दाखवलं. फक्त माझा जुना कंडक्टर हसला नाही. तो म्हणाला, खिडकीपाशी बसून वाटभर झोपलेला माणूस उतरताना कधी पैसे परत मागतो का? मला वाटलं, जळतोय.

दुसऱ्याच दिवशी तुझ्या बिट्टीचा फोन आला. ती पुरवणी तिने केली होती. (तू मला हे दोनदा सांगितलं होतंस आणि मी ‘हो हो, छान’ म्हणालो होतो, हे मला आठवतं. पण तेव्हा मी घाटात होतो. खेळातल्या घाटात, पण घाट तो घाट.) पोरीचा आवाज बसला होता. म्हणाली, सगळी पुरवणी बोटीच्या वरच्या मजल्यावर आहे. ड्रायव्हरने बसमधून उतरून लोखंडी जिना चढायचा. वर नदी आहे, संध्याकाळ होते, एक म्हातारं जोडपं भांडत असतं, एक बाई पोपटाचा पिंजरा घेऊन माहेरी निघालेली असते, आणि जो तो थांबून बोलतो. पण कोणा हँडब्रेकचं वाचून लोक पुरवणी घेतच नाहीयेत. साहेबांनी तो अभिप्राय मीटिंगमध्ये तिच्यासमोर मोठ्याने वाचला. दुसरी पुरवणी तिच्या माणसांना द्यायची की त्यांना घरी पाठवायचं, ते महिनाअखेरीस ठरणार. ‘मामा, तू खरा ड्रायव्हर. सांग, कोण असेल रे हा माणूस?’

आणि तुझा भाऊ काय म्हणाला? म्हणाला, ‘असेल कोणी रिकामटेकडा. असल्या माणसाला स्टिअरिंगला हात लावू देऊ नये.’ ती नाक पुसत हसली. मग म्हणाली, सुट्टीत ती माझ्या बसने यायची तेव्हा बोट सुटली की सगळे वर जायचे. ती कठड्यावरून खाली बघायची तर बसच्या काचेत माझं एकट्याचं डोकं दिसायचं. लोकांचं सामान असताना ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते, असं मीच तिला सांगितलं होतं. ‘म्हणून तुला एकदा उतरवायचं ठरवलं, मामा. तू खेळलास ना? काय आवडलं?’ मी म्हटलं, पाणी. (बोट आहे म्हणजे पाणी असणारच, एवढ्या भरवशावर.)

ताई, फोन ठेवल्यावर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आधी वाटलं, चुपचाप निस्तरावं. म्हणून ‘प्रवासी’ असं दुसरं नाव घेऊन पुरवणीची तोंड भरून स्तुती केली. लगेच लोक तुटून पडले, की हा कंपनीचा पगारी माणूस दिसतो, याने जरा हँडब्रेकचं वाचावं. माझीच भिंत माझ्याच डोक्यात घातली. खोटं नाव घेऊन स्वतःशीच भांडायची पाळी आली आणि त्यातही मीच हरलो. लाज वाटते, ताई. पोरीने माझ्यासाठी जिना बांधला आणि मी भिंतीची तक्रार केली.

असो. आता मी पुरवणी नीट पाहिली आहे. वर जाऊनही आलो. पैसे पुरेपूर वसूल आहेत, मिनिटं मोजू नयेत या मताला मी आलो आहे. हँडब्रेकच्याच नावाने सगळं मागे घेणार आहे, तेव्हा तू काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार सांग आणि गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वर जाऊन आलो हे खोटं आहे. दार उघडतं, वारा ऐकू येतो, जिना दिसतो. पण मागे वळून बघतो तर सीटवर लोकांच्या पिशव्या, आणि माझा पाय निघत नाही. तुझी भावजय म्हणते, चित्रातल्या पिशव्या कोण नेणार आहे? तिचं बरोबर आहे. तरी मी बोट तीनदा पार केली आणि तीनदा भिंतच पाहिली. न बघता चांगलं लिहिलं तर ती आणखी एक लबाडी होईल, आणि महिनाअखेर तर आलीच.

आणखी एक. हे पत्र बिट्टीला वाचायला दे. तू शेजारी बस, आणि चिडली तर चिडू दे, मध्ये पडू नकोस. राग ओसरला की म्हणावं, एक दिवस मामाकडे येऊन जा. मी वर जाऊन येईपर्यंत गाडीत बसायला कोणीतरी आपलं माणूस हवं.